किल्लीतली बेरीज
बिटकॉइन वॉलेटमधली खासगी किल्ली म्हणजे शेवटी एक अवाढव्य आकडा. त्यात दुसरा आकडा, म्हणजे ‘ट्वीक’, मिळवला की नवी किल्ली. गंमत अशी की सार्वजनिक किल्लीलाही तोच ट्वीक लावता येतो. त्यामुळे खासगी किल्ली बाहेर न काढता नवे पत्ते बनतात. २०१२च्या बीआयपी-३२ या वॉलेट-मानकाचा पाया हाच. ट्वीक अनेक असले, तर त्यांची बेरीज करून एकदाच लावली तरी चालते. २०२१मध्ये लागू झालेल्या टॅपरूट या बिटकॉइनच्या सुधारणेत मात्र सार्वजनिक किल्लीचा (ती वक्रावरचा एक बिंदू असते) वाय-निर्देशांक विषम निघाला, तर खासगी किल्लीचे चिन्ह आधी उलटवायचे, मगच बेरीज; विसरलात तर सही जुळत नाही. बेरीज उलटीही फिरते! साध्या (नॉन-हार्डन्ड) पद्धतीची एक खासगी पोटकिल्ली आणि वरचा ‘एक्सपब’, म्हणजे विस्तारित सार्वजनिक किल्ली, एकाच्याच हाती पडले, तर वजाबाकीने वरची खासगी किल्ली निघते. तेव्हा एक्सपब कुणालाही सहज देऊ नका.