उघडें दार

आईबाप मुलांना धर्म शिकवितात तो उपदेशानें थोडा व आचरणानें पुष्कळ. पहाटे देवापुढें हात जोडून बसलेली आई मुलाच्या मनावर जें ठसविते, तें शंभर सुभाषितांनीं ठसत नाहीं. ही गोष्ट सर्व धर्मांस सारखीच लागू आहे. विदुषी, सुधारक, धर्मांतर केलेली स्त्री, हीं पंडिता रमाबाईंचीं रूपें आपणांस ठाऊक आहेत. एकुलत्या एका मुलीची आई हें त्यांचें रूप मात्र मागें राहतें.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनीं लोकनिंदा सोसून पत्नी लक्ष्मीबाई यांस संस्कृत शिकविलें, व लक्ष्मीबाईंनीं तें धन कन्येस दिलें. दिवसा गृहकृत्यांतून सवड होत नसे. म्हणून ही माउली पहाटे अंधारांतच मुलीला कुशींत घेऊन जागें करी व तिजकडून पाठ म्हणवून घेई. १८८७ सालीं प्रसिद्ध झालेला आपला इंग्रजी ग्रंथ रमाबाईंनीं या मातेच्याच स्मृतीस अर्पण केला आहे.

त्यांची कन्या मनोरमा १८८१ सालीं जन्मली; पुढच्याच वर्षीं पति बिपिनबिहारी मेधावी निवर्तले. १८८३ सालीं रमाबाई मुलीसह इंग्लंडास गेल्या व २९ सप्टेंबर रोजीं वाँटेज येथें मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. परंतु आपली बुद्धि त्यांनीं कोणाकडे गहाण टाकली नव्हती. जेथें आश्रय मिळाला, त्या मठांतील सिस्टर जेराल्डाइन यांस त्या मातृस्थानीं मानीत. तरीही, जें मत मला पटलेलें नाहीं तें माझ्या मुलीस शिकवूं नये, असें त्यांनीं त्यांस पत्रांतून निक्षून कळविलें. मुलीच्या धर्मशिक्षणाची जबाबदारी प्रथम आईची, हा त्यांचा आग्रह.

या आग्रहाची खरी परीक्षा पुण्यांत झाली. ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस उघडलेलें शारदासदन पुढील वर्षीं पुण्यास आलें. विद्यार्थिनींस ख्रिस्ती धर्म शिकवावयाचा नाहीं, ज्याचा त्याचा आचार ज्याला पाळूं द्यावयाचा, ही संस्थेची अट होती. म्हणूनच न्यायमूर्ति रानडे व डॉ. भांडारकर यांसारखे थोर पुरुष सल्लागार झाले. रमाबाई मात्र स्वतःच्या खोलींत मनोरमेसह बायबल वाचीत व प्रार्थना करीत, आणि खोलीचें दार उघडें असे. कांहीं मुली तेथें येऊन बसूं लागल्या.

गांवांत गवगवा झाला, वर्तमानपत्रांतून टीकेची झोड उठली. १८९३ सालीं सल्लागारांनीं राजीनामे दिले व पालकांनीं वीस-पंचवीस मुली काढून नेल्या. दार लावून घेतलें असतें, तर कदाचित् हें सर्व टळलें असतें. बाईंनीं तें लावलें नाहीं.

येथें दोन्ही बाजूंस न्याय दिला पाहिजे. ज्या पालकांनीं विश्वासानें मुली ठेवल्या, त्यांची काळजी हीही आईबापांचीच काळजी होती. कोवळ्या वयाच्या मुलीवर गुरूच्या आचरणाचा पगडा बसतो, हें कोणताही शिक्षक जाणतो. मुली घेऊन जाण्याचा त्यांचा अधिकार निर्विवाद होय. पण आईनें स्वतःच्या लेकरासह ईश्वराचें स्मरण चोरून करावें, असें कोणत्या शास्त्रानें म्हणावें? जी प्रार्थना लपवावी लागते, ती लाजेची गोष्ट आहे असेंच मूल समजतें. बारा वर्षांच्या मनोरमेनें त्या वर्षीं आपल्या आईस संस्था पणास लावतांना पाहिलें. श्रद्धेचा याहून मोठा पाठ कोणता?

पुढें केडगांवच्या मुक्तिसदनांत तीच मनोरमा आईचा उजवा हात झाली. परंतु १९२१ च्या जुलैंत, अवघ्या चाळिसाव्या वर्षीं, ती आईच्या आधीं गेली. रमाबाईंनीं बायबलच्या मराठी भाषांतराचें हातीं घेतलेलें काम तशाही दुःखांत सोडलें नाहीं. ५ एप्रिल १९२२ रोजीं त्यांचा अंत झाला. संपूर्ण भाषांतर १९२४ सालीं छापून निघालें.

त्यांचा धर्म तो आपला नव्हे, आणि त्यांच्या मार्गानें जावें असें सांगण्याचा येथें हेतु नाहीं. परंतु आपल्या घरीं संध्यावंदन आजोबांबरोबर संपलें, देवघर कोपऱ्यांत गेलें, आणि मुलें संस्कारहीन झालीं म्हणून आपण हळहळतों. शेवटीं आपल्या मुलांनीं आपणांस हात जोडलेले कधीं पाहिले, याचें उत्तर सूज्ञ वाचकांनीं आपापल्या मनाशीं द्यावें.