कोठाराशेजारचे घर

शिरूर तालुक्यातल्या इनामगावाजवळ घोड नदीच्या उजव्या काठाला पांढरीची जुनी टेकाडे आहेत. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात ती पद्धतशीर खोदली. ह. धी. सांकळिया, झेड. डी. अन्सारी आणि म. के. ढवळीकर ही या कामातली मोठी नावे. अहवाल १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला आणि भारतातल्या ताम्रपाषाणयुगीन खेड्याचे इतके बारकाईने वाचलेले दुसरे उदाहरण सहसा दिले जात नाही. इ. स. पू. १६०० च्या सुमारास इथे पहिले शेतकरी आले आणि इ. स. पू. ७०० च्या सुमारास शेवटचे उठून गेले. मधल्या नऊशे वर्षांत शंभराहून अधिक घरे बांधली गेली, पडली, पुन्हा उभी राहिली.

त्यातले एक घर पाच खोल्यांचे होते. बाकीची बहुतेक एक-दोन खोल्यांची, मातीच्या बुटक्या भिंतींची. कुंभार, सोनार, चुना भाजणारे असे कारागीर वस्तीच्या पश्चिम कडेला राहत. हे मोठे घर मात्र मधोमध. त्याला लागून धान्याचे कोठार, त्यात खोल पेवे आणि कणग्या ठेवण्याचे गोल ओटे. हे घर गावच्या प्रमुखाचे असावे, असा निष्कर्ष उत्खनकांनी काढला आणि तो बहुतेकांनी मान्य केला. अशाच एका पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात चार पायांच्या, पोटाळ्या रांजणात बसवलेल्या स्थितीत पुरलेला एक प्रौढ पुरुष सापडला. इनामगावात मोठ्या माणसांना पुरताना त्यांची पावले तोडण्याची रीत होती. याची पावले शाबूत होती.

वस्तीच्या कडेला एक लांबलचक चर निघाला, सुमारे चार मीटर रुंद आणि साडेतीन मीटर खोल. त्याला समांतर दगडमातीचा बांध. ढवळीकरांच्या मते पुराचे पाणी वळवून शेताला देण्याची ही सोय होती. काही इतिहासकारांनी त्यालाच संरक्षणाचा खंदक म्हटले. मला हा वाद थोडा पुस्तकी वाटतो. नदीकाठच्या गावात एवढा चर खणला तर तो पूरही अडवील, पाणीही पोचवील आणि परक्याला दोन घटका थांबवीलही.

आता हा नकाशा कुणी पुरातत्त्वाचा म्हणून न बघता आपत्ती निवारणाच्या मुख्यालयाचा म्हणून बघितला तर? निर्णय घेणारा वस्तीच्या मध्यावर, साठा त्याच्या भिंतीला लागून, पाण्याचे काम कडेला, आणि सगळे चालत दोन मिनिटांच्या टप्प्यात. शिरूर आणि दौंड हे पर्जन्यछायेतले तालुके. इथली मुख्य आपत्ती अवर्षण. ती अचानक कोसळत नाही, सावकाश चढत जाते. तिच्याशी झुंजायला शिड्या आणि बोटी लागत नाहीत, कोठार लागते, आणि ते कधी उघडायचे हे ठरवणारा माणूस कोठारापासून लांब नसावा लागतो.

योगायोग असा की इनामगावचे उत्खनन ऐन भरात असताना १९७२ चा दुष्काळ पडला. तीन हजार वर्षांपूर्वीची पेवे डेक्कन कॉलेजची मंडळी ब्रशने साफ करत होती त्या काळात महाराष्ट्रातले लाखो लोक पाझर तलाव, नालाबंडिंग आणि रस्त्यांच्या खडीवर राबत होते, मिलो आणि सुकडी खात होते. त्या दुष्काळाचे मुख्यालय म्हणजे तालुक्याची मामलेदार कचेरी. हजेरीपट तिथे, पगाराची रोकड तिथे, सरकारी धान्याचे गोदामही तालुक्याच्याच गावी. वि. स. पागे यांनी मांडलेल्या कल्पनेतून पुढे रोजगार हमीचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून त्याचा अंमल सुरू झाला. कुणी त्याला आपत्ती व्यवस्थापन म्हणत नव्हते, पण रचना इनामगावचीच होती: निर्णय आणि साठा शेजारी शेजारी.

मग आपत्तीची जात बदलली, म्हणजे आपले लक्ष बदलले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी हादरली. लातूर-उस्मानाबादचा तो भाग तेव्हाच्या भूकंप नकाशात सर्वांत सौम्य, पहिल्या क्षेत्रात होता; २००२ च्या सुधारणेत तो तिसऱ्या क्षेत्रात आला. जागतिक बँकेच्या मदतीने जो पुनर्वसन कार्यक्रम राबवला गेला त्यातून राज्यात नियंत्रण कक्षांची आणि जिल्हा आराखड्यांची कल्पना रुजली. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्याच वर्षी केंद्राचा आपत्ती व्यवस्थापन कायदा आला आणि २००६ मध्ये राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, म्हणजे आपल्या बोलण्यातले एनडीआरएफ, उभे राहिले. त्याची पाचवी बटालियन पुणे जिल्ह्याच्या वाट्याला आली. मावळ तालुक्यातले सुदुंबरे हे संताजी जगनाडे महाराजांच्या समाधीचे गाव आता या बटालियनचाही पत्ता आहे.

द्रुतगती मार्ग जवळ, लोहगावचा विमानतळ गाठता येण्याजोगा, नदीचा पूर आवारात शिरण्याची धास्ती नाही. जागा विचारपूर्वक निवडलेली दिसते. बटालियनमध्ये ४५ जणांच्या अठरा स्वयंपूर्ण तुकड्या असाव्यात अशी मूळ रचना. प्रत्येकीत अभियंते, वीजतंत्री, वैद्यकीय सहायक आणि श्वानपथक. या एका ओळीतून इमारतीचा निम्मा आराखडा निघतो. अठरा तुकड्या म्हणजे अठरा कोठारे, प्रत्येकाचे दार थेट वाहनतळाकडे उघडणारे. रात्री दोन वाजता फोन आला तर कटर शोधायला कुणी कुलपाची किल्ली मागत फिरता कामा नये. कुत्र्यांच्या खोल्या जनरेटरपासून लांब, नाहीतर त्यांना झोप नाही. बुडी मारण्याच्या सरावाला खोल टाके. पाडापाडीच्या ढिगाऱ्यातून माणूस शोधण्याच्या सरावासाठी मुद्दाम मोडून ठेवलेल्या इमारती, कारण शोध घेणारी बहुतेक कौशल्ये हाताला वळण लागल्याशिवाय येत नाहीत. नियंत्रण कक्ष, मोठा पडदा, गोल टेबल हे सगळे त्यानंतर. आपल्याकडे उद्घाटनाचा फोटो नेमका पडद्यासमोर काढतात.

३० जुलै २०१४ ला सकाळी आंबेगाव तालुक्यातले माळीण डोंगराखाली गेले. १५१ माणसे गेली. बाहेरच्या जगाला ही बातमी कुठल्या नियंत्रण कक्षाने दिली नाही. नेहमीच्या फेरीवर गेलेल्या एसटीच्या चालकाला रस्त्याच्या टोकाला गावच दिसेना, त्याने कळवले. माळीण हे डिंभे धरणाच्या परिसरातले. डिंभे धरण घोड नदीवर, आणि तीच घोड पुढे शिरूरवरून, चिंचणीच्या धरणातून, इनामगावाच्या टेकाडांना घासून भीमेकडे जाते. एकाच नदीच्या वरच्या टोकाला पाऊस गाव गिळतो आणि खालच्या टोकाला पावसाची वाट बघत माणसे हजारो वर्षे चर खणतात. पुणे जिल्ह्यासाठी मुख्यालय आखणाऱ्याला ही दोन्ही टोके एकाच कागदावर मांडावी लागतात. सुदुंबऱ्याचे दल माळीणला त्याच दिवशी पोचले. तरी चिंचोळ्या, चिखलाने भरलेल्या रस्त्यावरून जेसीबी वर नेणे हेच पहिल्या तासांतले मोठे काम होते.

मुख्यालय स्वतःच आपत्तीत सापडले तर? हा प्रश्न आराखड्याच्या पहिल्या पानावर हवा आणि जगभर तो विसरला गेला आहे. न्यूयॉर्क शहराने १९९९ मध्ये आपले आपत्कालीन केंद्र जागतिक व्यापार केंद्राच्या संकुलातल्या सात क्रमांकाच्या इमारतीत, तेविसाव्या मजल्यावर थाटले. त्या संकुलावर १९९३ मध्ये बॉम्बहल्ला होऊन गेला होता, तरीही. ११ सप्टेंबर २००१ ला शहराला ज्या सकाळी या केंद्राची सर्वांत जास्त गरज होती, त्याच सकाळी ते रिकामे करावे लागले आणि संध्याकाळी ती इमारत कोसळली. मग हडसन नदीवरच्या एका धक्क्यावर तात्पुरते केंद्र उभारून काम चालले. नवे मुख्यालय २००६ मध्ये ब्रुकलिनला सुरू झाले, अमेरिकन रेडक्रॉसच्या जुन्या इमारतीचा सांगाडा ठेवून आतून पूर्ण नव्याने बांधलेले. उंच मनोरा नाही, प्रसिद्ध पत्ता नाही. मला तरी त्या निवडीत पश्चात्तापापेक्षा शहाणपण जास्त दिसते.

जपानच्या मिनामिसानरिकूमधली गोष्ट अधिक कठीण आहे. तिथली आपत्ती निवारणाची तीन मजली इमारत किनाऱ्यापासून जवळच होती, उंची सुमारे बारा मीटर. ११ मार्च २०११ ची लाट छतावरून गेली. ध्वनिक्षेपकावरून गावकऱ्यांना पळायला सांगत राहिलेली तरुण कर्मचारी त्यात गेली. तिच्यासह त्या इमारतीत ४३ जणांचा मृत्यू झाला. लोखंडी सांगाडा मात्र उभा राहिला. म्हणजे बांधणी चुकली नव्हती, जागा चुकली होती. भूजचेही तसेच थोडे उलट्या अंगाने: २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात जखमींना जिथे न्यायचे ते जिल्हा रुग्णालयच ढासळले.

घरचे उदाहरण लांब शोधायला नको. राज्याचा नियंत्रण कक्ष मंत्रालयात, आणि २१ जून २०१२ ला आग लागली ती मंत्रालयालाच. वरचे मजले जळाले, माणसे गेली, कारभार अनेक दिवस इकडेतिकडे विखुरला. पुण्यात महापालिकेची मुख्य इमारत मुठेपासून हाकेच्या अंतरावर आहे, आणि १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटल्यावर मुठा कुठवर आली होती ते या शहरात अजून सांगितले जाते.

भारतीय मानकात, आयएस १८९३ मध्ये, रुग्णालये, अग्निशमन केंद्रे, दूरध्वनी केंद्रे अशा इमारतींसाठी भूकंपाचा हिशेब दीडपट धरावा लागतो. दीडपट धरले की खांब जाड होतात, खर्च वाढतो. पण नुसता सांगाडा टिकून भागत नाही. जनरेटर तळघरात ठेवला तर पहिल्याच पुरात इमारत आंधळी आणि मुकी होते. वाहने बाहेर काढायला एकच फाटक असेल आणि त्यासमोर झाड पडले तर अठरा तुकड्या आत अडकतात. आणि दुसरी जागा तयार हवी. टोकियोपासून सुमारे तीस किलोमीटरवर ताचिकावाला जपान सरकारने राखीव तळ करून ठेवला आहे, राजधानी कोलमडली तर कारभार तिथून हाकण्यासाठी. आपल्या जिल्ह्यांच्या आराखड्यात पर्यायी कक्षासाठी बहुधा एका शाळेचे किंवा सभागृहाचे नाव लिहिलेले असते. तिथे वायरलेस बसवलेला आहे का, हे कुणी जाऊन बघावे.

२२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातले तळीये दरडीखाली गेले, त्याच दिवसांत चिपळूण पाण्यात होते. घाट बंद, रस्ते वाहून गेलेले. दल तळीयेला पोचायला दुसरा दिवस उजाडला. तोवर हाताने माती उपसली ती शेजारच्या वाड्यांनी. त्यानंतर महाडला दलाचा कायमचा तळ करण्याचे ठरले, पावसाळ्यात कोकणात आणि कोल्हापूर-सांगलीकडे तुकड्या आधीच नेऊन ठेवण्याची पद्धत पक्की झाली. मग १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी झाली आणि मुंबई, पुणे दोन्ही जवळ असूनही माणसांना डोंगर पायीच चढावा लागला. यंत्रे खालीच राहिली. मुख्यालय कितीही उत्तम बांधा, शेवटचे दोन कोस त्याच्या हातात नसतात. म्हणून मला एका भव्य इमारतीपेक्षा एक साधी इमारत आणि तालुक्या-तालुक्यांत सात-आठ लहान कोठारे हा आराखडा पटतो. दोर, पहारी, स्ट्रेचर, दिवे, लाइफ जॅकेट, एक जनरेटर, आणि किल्ली गावातच राहणाऱ्या माणसाकडे.

इनामगाव इथे सावधही करते. इ. स. पू. १००० नंतर परिस्थिती बिघडली. उत्तर जोर्वे काळात ऐसपैस चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, गव्हाची शेती ओसरली, हरणांची हाडे वाढली, म्हणजे शिकारीवर भार आला. नेवासे, दायमाबाद सोडून लोक निघून गेले; इनामगावचे आणखी तीनशे वर्षे राहिले. ग्वेन रॉबिन्स शुग या अमेरिकी संशोधिकेने इथल्या बालकांच्या सांगाड्यांचा अभ्यास केला, तिचे पुस्तक २०११ चे. वाढ खुंटल्याच्या, कुपोषणाच्या खुणा या उत्तरकाळात वाढलेल्या तिला दिसल्या. त्यामागे पाऊस किती आणि माणसांनी झिजवलेली जमीन किती, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. पण हाडे खोटे बोलत नाहीत: गाव टिकून होते आणि मुले उपाशी होती. कोठार शेजारी असून पुरत नाही, ते भरत राहावे लागते.

याच परिसरात नवा तळ करायची वेळ आली तर नजर दौंडकडे जाते. राज्य राखीव पोलीस दलाचे पाच आणि सात क्रमांकाचे गट तिथे आहेत. राज्याचे स्वतःचे आपत्ती प्रतिसाद दलही राखीव पोलिसांतूनच उभे केले गेले, धुळे आणि नागपूरला. दौंड हे मोठे रेल्वे जंक्शन, सोलापूर, मनमाड, पुणे तिन्ही दिशा मोकळ्या. अडचण एकच, तीही दर पावसाळ्यात वर्तमानपत्रात छापून येते: उजनीत किती पाणी येणार हे दौंडच्या भीमेच्या विसर्गावरून सांगतात. म्हणजे नदी गावाला लागून आहे. तळ पूररेषेच्या वर हवा आणि पूल बंद झाला तरी दोन्ही बाजूंना निघता येईल अशी वाट हवी, मग जमीन सरकारी फुकट मिळो की विकत घ्यावी लागो.

आणि एक मागणी आराखडा करणाऱ्याने सुरुवातीलाच मंजूर करून घ्यावी. रबरी बोट न वापरता घडी करून ठेवली की कालांतराने घड्यांवर चिरते, बाहेरून कळतही नाही. ती ठरावीक काळाने फुगवून, पाण्यात सोडून बघावी लागते. त्यासाठी आवारात मोकळी जागा हवी, टाके हवे, आणि हे काम ज्याच्या नावावर आहे असा एक पगारी माणूस हवा. त्याचे पद मंजूर होईपर्यंत सभागृहाची फरशी थांबली तरी चालेल.