परसबाग, लेखांक नववा : दुपारचे पाणी

हरळी किती उंचीवर कापावी याचा ऊहापोह या खेपेस करण्याचे मी कबूल केले होते. परंतु पवनीच्या एका वाचकाचे पत्र येऊन पडले आणि नवतपा तोंडावर आला असता त्याला अग्रक्रम न देणे गैरवाजवी झाले असते. त्यांच्या परसात दुधीचा मांडव आहे, दुपारी दोनच्या सुमारास त्याची पाने माना टाकतात, म्हणून ते पाणी शिंपडावयास निघतात, आणि घरची वडील मंडळी हटकतात की उन्हात थेंबाचे भिंग होऊन पान जळते. यात तथ्य किती, असा त्यांचा सवाल आहे.

भिंगाचा हा समज विलायती बागवानांतही जुना. त्याची कसोटी बुडापेस्टचे गाबोर होर्वाथ आणि त्यांचे सहकारी यांनी लावली व २०१० साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. गुळगुळीत पानांवर काचेच्या गोळ्या ठेवून ती उन्हात धरली तेव्हा पाने करपली. पाण्याच्या थेंबांनी मात्र त्यांना इजा झाली नाही, कारण पाण्याची वक्रीभवनशक्ती काचेहून कमी, शिवाय थेंब पानावर चपटा बसतो, त्यामुळे किरण जेथे एकवटावयाचे तो बिंदू भर उन्हात पानाच्या बराच खाली पडतो. सूर्य कलल्यावर तो पानावर येऊ शकतो खरा, पण तेव्हा उन्हात जाळण्याइतकी धग उरत नाही. अपवाद एकच आढळला : साल्विनियासारख्या पाणवनस्पतीची मेणचट लव थेंबाला पानापासून अधांतरी तोलून धरते, आणि तेथे डाग पडू शकतो.

कारण असे खारीज झाले, तरी वडिलांचा हुकूम मी कायम ठेवीन. दुपारी मान टाकलेले पान तहानलेलेच असते असे नाही; मुळाशी ओल पुरेशी असूनही पानांतून होणाऱ्या बाष्पोत्सर्जनाची बरोबरी मुळांना करवत नाही, म्हणून ते लवते, आणि दिवेलागणीपर्यंत आपोआप सावरते. सूर्योदयालाही ते मलूलच दिसले तर मात्र पाण्याची खरी निकड समजावी. या भेदाकडे दुर्लक्ष करून जो दर दुपारी बादली ओततो, तो मुळांभोवतीची हवा हिरावून घेतो आणि मग वेल सडल्याचा दोष उन्हाला देतो. त्यातून अंगणात तापत पडलेल्या नळीचे पहिले पाणी इतके कढत असते की पान भाजावयास भिंगाची गरजच नाही. आणि विहिरीचे पाणी जड असेल तर वाळलेल्या थेंबामागे क्षारांचे पांढरे डाग राहतात, तेच पुष्कळदा करपल्याची खूण म्हणून दाखविले जातात.

जुन्या बंदोबस्ताच्या कागदांत आपल्या जिल्ह्यातील जमिनींची कन्हार, मोरंड, सिहार, खरडी अशी जी प्रतवारी आहे, ती परसातही उपयोगी पडते. कन्हार वैशाखात भेगाळते आणि घाईने ओतलेले पाणी भेगांतून मुळांच्या खाली निघून जाते. म्हणून आधी खुरप्याने वरचा थर मोकळा करून भेगा बुजवाव्या, आणि मग पहाटे आळ्यात सावकाश पाणी सोडावे. खरडीत ओल टिकत नाही, तेथे थोडे थोडे, पण वरचेवर द्यावे. दोन्हीकडे आळ्यावर धानाचे तणस चारेक बोटे जाडीने पसरावे. मात्र बुंध्याला लागू देऊ नये, आणि वाळवीसाठी दर दोनचार दिवसांनी ते उचलून खाली पाहावे.