बीज आणि भूमी

मनुष्याचा स्वभाव जन्मतः ठरतो की परिस्थितीने घडतो? इरावती कर्वे संशोधनासाठी बर्लिनला गेल्या. युरोपीयांची तर्कबुद्धी त्यांच्या कवटीच्या असमतेत दिसून येते, असे त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर यांचे अनुमान होते. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या. वंशागणिक असा भेद आढळला नाही.

तथापि आनुवंशिकता मिथ्या नव्हे. एकबीज जुळ्यांची जनुके जवळजवळ सारखी असतात, आणि त्यांचे स्वभाव द्विबीज जुळ्यांहून अधिक जुळतात. अशा तुलनेवरून, माणसामाणसांतील स्वभावभेदांपैकी सुमारे ४० ते ५० टक्के भेद जनुकांशी निगडित दिसतात. मात्र हे प्रमाण समूहाचे होय. एका व्यक्तीचा स्वभाव असा विभागता येत नाही. म्हणून कुळावरून मुलाची योग्यता ठरविण्यास शास्त्राचा आधार नाही.