इलेक्ट्रिक पिकअपचा कॅरिअर : निवड, जोडणी आणि बांधणी

पिकअपच्या केबिनवर किंवा हौद्यावर आडवे बसवलेले दोन-तीन बार हा कॅरिअरचा मुख्य भाग. शिडी, पाइप, प्लायवूड, मांडवाचे बांबू, सोलर पॅनेल असा लांबलचक पण तुलनेने हलका माल हौद्यात नीट मावत नाही. तो या बारांवर चढतो. कोल्हापुरात लक्ष्मीपुरी-शाहूपुरीच्या बाजारातून बांधकामांकडे आणि शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल इथल्या औद्योगिक वसाहतींकडे असा माल रोज जात असतो. डिझेलच्या गाडीला शिवाजी उद्यमनगरातला कारागीर मापे घेऊन, अँगल कापून, जागेवरच वेल्डिंग मारून कॅरिअर देतो. हिरव्या पाटीवर पिवळी अक्षरे असलेल्या, म्हणजे विजेवर चालणाऱ्या मालवाहू गाडीला मात्र ही पद्धत जशीच्या तशी चालत नाही. तिच्या हौद्याखाली बॅटरी आणि उच्च दाबाच्या तारा असतात, आणि कॅरिअरने अडवलेला वारा थेट तिच्या रेंजमधून वजा होतो.

या वर्गातली परिचित गाडी म्हणजे टाटा एस. २००५ मध्ये आलेल्या या गाडीला लोकांनी ‘छोटा हत्ती’ म्हणायला सुरुवात केली. तिची विजेवरची आवृत्ती, एस ईव्ही, मे २०२२ मध्ये आली : २१.३ किलोवॅट-तासांची बॅटरी, ६०० किलो वहनक्षमता आणि प्रमाणित रेंज १५४ किलोमीटर. मे २०२४ मध्ये एक टन माल नेणारी आवृत्ती आली, ऑक्टोबर २०२४ मध्ये महिंद्राची झिओ. पुढचे हिशेब पहिल्या एस ईव्हीचे आकडे धरून केले आहेत. तत्त्वे सगळ्याच गाड्यांना लागू पडतात.

केबिनवर की हौद्यावर?

कॅरिअरची पहिली निवड जागेची. मोटारीच्या टपावर बसतात तसे क्लँपचे बार केबिनच्या पत्र्यावर बसवता येतात. पण छोट्या पिकअपची केबिन पुढून मागे जेमतेम चार-पाच फूट. तेवढ्या अंतरावर बसवलेल्या दोन बारांवर दहा फुटी शिडी ठेवली, तर तिचा निम्म्याहून अधिक भाग अधांतरी राहतो आणि प्रत्येक खड्ड्याला उसळतो. शिवाय टपाचा पत्रा पातळ असतो. तो किती वजन पेलेल हे गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेत दिलेले असेल, तर बारांचे वजन धरून तेवढीच मर्यादा पाळावी. तसा आकडा दिलेलाच नसेल, तर टप वजनासाठी नाही असेच समजावे.

पुढचा बार केबिनवर आणि मागचा हौद्यावर हा मधला मार्ग सोयीचा दिसतो, पण फसवा आहे. बहुतेक पिकअपमध्ये केबिन आणि हौदा चासीवर स्वतंत्रपणे बसवलेले असतात. एक चाक खड्ड्यात गेले की चासीला पीळ बसतो आणि दोन्ही भाग किंचित वेगवेगळे हलतात. त्यांना वरून ताठ पाइपांच्या मोळीने एकत्र जखडले, की तो पीळ टपाच्या पत्र्यावर आणि क्लँपवर येतो. अमेरिकेतल्या रिव्हियन आर१टी या इलेक्ट्रिक पिकअपला टपावर आणि मागच्या हौद्यावर, दोन्हीकडे बारांसाठी कारखान्यातूनच जागा केलेल्या असतात. आपल्याकडच्या छोट्या मालवाहू गाड्यांना सहसा तशी सोय नसते.

म्हणून सगळ्यांत भरवशाची रचना पूर्णपणे हौद्यावरची. पुढचा उभा सांगाडा केबिनमागच्या जाळीला लागून, केबिनच्या टपापेक्षा तीन-चार इंच उंच, मागचा फाळक्याजवळ. माल केबिनवरून पुढे जातो, पण पत्र्याला टेकत नाही, आणि सगळा भार हौद्यातून थेट चासीवर उतरतो. मागचा उभा खांब फाळक्याच्या बिजागरीला आणि खिट्टीला आडवा येत नाही ना, हे बसवण्याआधी फाळका उघडून पाहावे.

बार कोणता?

बाजारात सहज मिळणारा ४० × ४० मिलिमीटरचा, २ मिलिमीटर जाडीचा लोखंडी चौकोनी पाइप या कामाला पुरतो. त्याचे वजन मीटरला साधारण २.४ किलो. दीड मीटर अंतरावरच्या दोन आधारांवर तो ठेवून मधोमध ५० किलो भार दिला, तर तो सुमारे अडीच मिलिमीटरच वाकतो. त्याच मापाचा ॲल्युमिनियमचा पाइप वजनाला एक तृतीयांश, पण वाकतो जवळजवळ तिप्पट. ॲल्युमिनियम घ्यायचे तर पाइपाची उंची वाढवावी लागते. भिंतीच्या जाडीपेक्षा उंची वाढवल्याने ताठपणा कितीतरी जास्त वाढतो, म्हणून कॅरिअरसाठी बनवलेले ॲल्युमिनियमचे बार जाड नसतात, उंच असतात.

वजनाचा विचार इथे महत्त्वाचा, कारण कॅरिअरचे वजन वहनक्षमतेतूनच जाते. उभे खांब, आडवे बार आणि तिरके आधार मिळून चौदा मीटर पाइप लागला, तर पट्ट्या आणि बोल्ट धरून सांगाडा ४० किलोंच्या घरात जातो. ६०० किलोंच्या गाडीत मालासाठी मग ५६० किलो उरतात. अँगलचा जाडजूड कॅरिअर सहज याच्या दुप्पट भरतो आणि ते वजन गाडी रिकामी असतानाही वाहावे लागते.

बारांवरच्या मालाला आणखी एक मर्यादा आहे. वजन जितके उंच, तितकी गाडी वळणावर कलते. गगनबावड्याकडून करूळ घाटात किंवा रत्नागिरी रस्त्यावर आंबा घाटात उतरताना हे लगेच कळते. जड माल हौद्याच्या तळाशी, हलका आणि लांब तेवढा वर, हा नियम अरुंद गाडीला मोठ्या ट्रकपेक्षाही कडक लागू होतो.

वारा आणि रेंज

हवेचा रेटा वेगाच्या वर्गाने वाढतो : वेग दुप्पट, तर रेटा चौपट. वर दिलेल्या मापाचे दीड-दीड मीटरचे दोन चौकोनी बार ताशी ६० किलोमीटर वेगाला साधारण तीन किलोंच्या रेट्याने गाडीला मागे ओढतात. त्यावर मात करायला दर किलोमीटरला सुमारे ९ वॅट-तास वीज जाते. एस ईव्हीचा प्रमाणित खर्च, म्हणजे बॅटरीच्या क्षमतेला रेंजने भागून येणारा आकडा, किलोमीटरला १३८ वॅट-तास. म्हणजे हायवेवर रिकामे बारही ढोबळमानाने सहा टक्के वीज खातात. शहरात ३० च्या वेगाला हाच तोटा दीड टक्क्यापर्यंत उतरतो. गावातल्या गावात फिरणाऱ्या गाडीने त्याची चिंता करू नये; पुणे-बंगळूर महामार्गावरून रोज कागल किंवा कराडकडे जाणाऱ्या गाडीचे बार मात्र काम नसेल तेव्हा सुटे करता येतील असे असावेत. त्यासाठी खांब कायम ठेवून आडवे बार बोल्टवर बसवले, की पाच-दहा मिनिटांचे काम होते. गोल किंवा पंख्याच्या पात्यासारखा निमुळता बार वारा कमी अडवतो आणि शिट्टीही कमी मारतो. इंजिनाचा आवाज नसलेल्या गाडीत ती शिट्टी चांगलीच जाणवते.

वारा नुसता मागे ढकलत नाही, वरही उचलतो. ताशी ६० वेगाला वाऱ्याचा दाब चौरस मीटरला १६ किलोंच्या आसपास असतो. आठ बाय चार फुटांच्या शीटचे क्षेत्रफळ सुमारे तीन चौरस मीटर आणि १२ मिलिमीटरच्या प्लायवूडचे वजन वीस-पंचवीस किलो. पुढची कड थोडी उचलली गेली आणि वारा खाली शिरला, की शीट स्वतःच्या वजनावर बसून राहत नाही. समोरून ताशी २० किलोमीटरचा वारा असेल तर तो दाब चौरस मीटरला २९ किलोंवर जातो. म्हणून शीट आणि सोलर पॅनेल यांची पुढची कड बाराला घट्ट दाबलेली हवी.

जोडणी

भार मालाकडून पट्ट्यावर, पट्ट्याकडून बारावर, बाराकडून बोल्टवर आणि तिथून हौद्यावर जातो. या साखळीतली सर्वांत कच्ची कडी म्हणजेच कॅरिअरची खरी ताकद. व्यवहारात ती कडी बहुधा बोल्टच्या भोकाशी असते.

इलेक्ट्रिक गाडीला लागू होणारा पहिला नियम : गाडीवर वेल्डिंग करू नये. वेल्डिंगचा प्रवाह चासीतून फिरताना नियंत्रक यंत्रणांना इजा करू शकतो, आणि ठिणग्या खालच्या तारांवर पडू शकतात. सांगाडा बाकावर वेल्ड करून, रंगवून किंवा पावडर कोटिंग करून आणावा आणि गाडीवर फक्त बोल्टने बसवावा. दुसरा नियम : हौद्याच्या तळाला किंवा चासीला भोक पाडू नये. शक्यतो उत्पादकाने दिलेली भोके, दोरीचे हूक आणि बाजूच्या पत्र्याची दुमडलेली कड वापरावी. भोक पाडावेच लागले तर ते बाजूच्या पत्र्यात, आणि आतल्या बाजूने काय जाते हे पाहून. उच्च दाबाच्या तारांचे वेष्टण नारिंगी असते. त्यांच्या वाटेला अजिबात जाऊ नये. बॅटरीची हमी कोणत्या बदलांनी जाते, हेही विक्रेत्याकडून आधीच लेखी घ्यावे.

बोल्ट १० मिलिमीटरचा, डोक्यावर ८.८ ही खूण असलेला घ्यावा. पत्र्याच्या आतून हाताच्या तळव्याएवढी जाड पट्टी द्यावी, म्हणजे ताण एका भोकावर न येता पसरतो. चौकोनी पाइपातून आरपार बोल्ट घालायचा तर आत नळीचा बुश हवा. नाहीतर आवळताना पाइप चेपतो, बोल्ट घट्ट वाटतो आणि शंभर किलोमीटरमध्ये ढिला होतो. यू-बोल्ट वापरला तर भोकाचीच गरज पडत नाही. आवळण्याचा जोर टॉर्क पान्याने ४५ ते ५० न्यूटन-मीटर ठेवावा. नायलॉक नट एकदा उघडला की नवा लावावा. भोकाच्या कडेला रंग लावून रबरी वॉशर दिला नाही, तर घाटमाथ्याच्या पावसात पहिल्याच वर्षी गंज धरतो. लोखंड आणि ॲल्युमिनियम जिथे टेकतात, तिथे मध्ये रबर किंवा नायलॉनचा तुकडा द्यावा. ओलाव्यात या दोन धातूंच्या जोडीत ॲल्युमिनियम लवकर खाल्ले जाते.

माल बांधणे

जोरात ब्रेक दाबला की माल पुढे सरकू पाहतो. युरोपातल्या माल-बांधणीच्या मानकात पुढच्या दिशेने मालाच्या वजनाच्या ८० टक्के, बाजूंना आणि मागे ५० टक्के जोर धरतात. ६० किलोंची पीव्हीसी पाइपांची मोळी घेतली, तर पुढे ४८ किलोंचा जोर आवरायचा. रंगवलेल्या बारावर प्लास्टिक घसरते. तिथे घर्षण वजनाच्या पाचव्या हिस्स्याएवढेच धरले, तर मोळीचे स्वतःचे वजन फक्त १२ किलो अडवते. उरलेल्या ३६ किलोंसाठी पट्ट्यांनी माल एकूण १८० किलो जोराने खाली दाबायला हवा. बारावर जाड रबर लावून घर्षण ६० टक्क्यांवर नेले, तर वजनच ३६ किलो अडवते आणि पट्ट्यांना वीस किलोंचा दाब पुरतो. काही रुपयांच्या रबरी पट्टीने पट्ट्यांवरचे काम नवव्या हिस्स्यावर येते.

पट्टा पॉलिएस्टरचा, रॅचेटचा असावा. नायलॉनची दोरी ओली झाली की ताणली जाते. दोन्ही बारांपाशी एकेक पट्टा हवाच. गोल पाइपांच्या मोळीला पट्टा नुसता वरून न टाकता एक वेढा देऊन फास करावा, म्हणजे मधला पाइप निसटत नाही. पुढे आणि मागे एकेक दोरी खाली हुकाला बांधावी. शिडीच्या धारदार कडेवर जाड रबर किंवा पोत्याचा तुकडा घालावा. पट्ट्याला एक पीळ दिला की तो वाऱ्यात फडफडत नाही. उरलेले टोक गुंडाळून बांधून टाकावे.

कायद्याची मर्यादा

कॅरिअर उंची देतो, लांबीची परवानगी देत नाही. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९४(१अ) नुसार माल गाडीच्या बाजूंबाहेर, पुढे, मागे किंवा ठरलेल्या उंचीबाहेर गेला तर २० हजार रुपये दंड आणि माल उतरवण्याचा खर्च आहे. एस ईव्हीची लांबी ३.८ मीटर, म्हणजे साधारण साडेबारा फूट. हौद्यावरून केबिनवर आलेला दहा फुटी पाइप तिच्या मापात बसतो. सहा मीटरचा, म्हणजे वीस फुटी पाइप कितीही नीट बांधला तरी बसत नाही. लाल फडके लावून तो नियमात येत नाही. दुकानातच कापून घेणे, तीन मीटरचे पाइप मागवणे किंवा मोठी गाडी करणे, एवढेच पर्याय उरतात. कायम बसवलेल्या सांगाड्यामुळे गाडीच्या नोंदणीतल्या मापांत फरक पडत असेल, तर कलम ५२ लागू होते. म्हणून काम सुरू करण्याआधी आरटीओत विचारून घ्यावे.

तपासणी

नवा कॅरिअर पहिल्या ५० किलोमीटरनंतर पुन्हा आवळावा, त्यानंतर महिन्यातून एकदा. बोल्टच्या डोक्यावरून पत्र्यापर्यंत रंगाची एक रेघ ओढून ठेवली, तर बोल्ट फिरला आहे की नाही हे पान्याशिवाय नजरेनेच कळते. वेल्डच्या कडेला केसासारखा तडा, भोकाभोवती गंजाचा ओघळ, पट्ट्याची उसवलेली शिवण यांतले काहीही दिसले, तर दुरुस्ती होईपर्यंत वर माल चढवू नये. माल लादल्यावर दोन-चार किलोमीटरवर गाडी थांबवून पट्टे हाताने ओढून पाहावेत, कारण माल हलून बसतो आणि पहिला ताण तिथेच सैल होतो.