गाडी दारात आली, आता तिची ओळख करून घेऊ या

रविवारी सकाळी विहारातली वंदना आटोपली की बाहेरच्या पटांगणात आमची एक वेगळीच सभा भरते. तिला अध्यक्ष नाही, प्रास्ताविक नाही आणि आभारप्रदर्शनही नाही. कुणाच्या तरी गाडीचे बॉनेट उघडे असते आणि भोवती सात-आठ माणसे वाकून आत पाहत असतात. "बॅटरी गेली," असे एकजण म्हणतो. "अरे, बॅटरी नव्हे, सेल्फ गेला," असे दुसरा म्हणतो. तिसरा काहीच न बोलता बॅटरीच्या टर्मिनलवरची पांढरी-हिरवी पूड खरवडतो, नट आवळतो आणि म्हणतो, "आता मार." गाडी लगेच चालू होते.

या सभेत आम्ही नित्यनेमाने हजर असतो. त्यामागे एक कारण आहे आणि ते थोडे खजील करणारे आहे. वाचक बंधू-भगिनींना ते सांगितलेच पाहिजे.

आमच्या घरात चारचाकी आणणारे आम्ही पहिलेच. आजोबा पायी गेले, वडिलांनी सायकलवर नोकरी काढली आणि आम्ही सेकंडहँड का होईना, मारुती ८०० घेतली. १९८३ साली रस्त्यावर आलेल्या या छोट्या गाडीने देशातल्या लाखो कारकून-मास्तरांना पहिल्यांदा चारचाकीत बसवले. २०१४ साली तिचे उत्पादन थांबले, तरी कोल्हापूरच्या गल्लीबोळांतून ती अजून दिसते. गाडी दारात आली त्या दिवशी सौ.नी तिला ओवाळले, पेढे वाटले. पण तिच्या पोटात काय आहे हे सांगणारे घरात कुणी नव्हते. ज्यांच्या घरी दोन पिढ्या गाडी आहे त्यांची पोरे बापाच्या मागे उभी राहून हे सगळे शिकतात. आमच्या मागे तशी पिढी नव्हती.

२००९ सालच्या मे महिन्यातली गोष्ट. कोकणात वैभववाडीजवळ एक लग्न होते. जाताना गगनबावड्याचा करूळ घाट उतरून गेलो. परत येताना गाडीत पाच माणसे, डिकीत सामान, वर दुपारचे ऊन आणि समोर तोच घाट चढायचा. निम्म्या घाटात उष्णतेचा काटा लाल खुणेला टेकला. थोड्या वेळाने बॉनेटमधून वाफ येऊ लागली. आम्ही गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडले आणि रुमाल ओला करून रेडिएटरच्या झाकणाला हात घातला.

मागून एक ट्रक थांबला. ड्रायव्हर ओरडला, "झाकणाला हात लावू नका सायेब! भाजून घेताय व्हय?"

तोवर झाकण थोडे फिरले होते. उकळत्या पाण्याची चिळकांडी मनगटावर आली. त्याचा डाग अजून आहे. झाकण पुरते निघाले असते तर तोंडच भाजले असते. रेडिएटरमधले पाणी दाबाखाली असते, त्यामुळे ते शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण उघडले, दाब सुटला की एकदम उसळून बाहेर येते. हे शाळेत विज्ञानात शिकलो होतो. कामाच्या वेळी मात्र आठवले नाही.

त्या भल्या माणसाने आम्हाला तासभर सावलीत बसवले. गाडी निवल्यावर जाड फडके ठेवून झाकण आधी थोडेच फिरवले, दाब जाऊ दिला आणि मग स्वतःच्या कॅनमधले पाणी थोडे थोडे ओतले. तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणी ओतले तर धातूला तडा जातो, हेही त्यानेच सांगितले. खाली वाकून बघितले तेव्हा रेडिएटरच्या नळीची क्लिप सैल होऊन पाणी गळत होते.

आता खरी खजील करणारी गोष्ट. पंधरा दिवसांपूर्वी सौ. म्हणाल्या होत्या, "गाडीखाली रोज सकाळी ओलं दिसतंय हो." आम्ही म्हणालो, "एसीचं पाणी असेल." त्या म्हणाल्या, "काल तर एसी लावलाच नव्हता." आम्ही पेपरात डोके घातले. ट्रकवाल्याला हे सांगितले तेव्हा तो हसला. म्हणाला, "गाडी घ्यायला पैसं मोजलं. ती काय सांगतीया ते ऐकायला काय पैसं पडत्यात व्हय?"

पुढे मेस्त्रीकडे गेल्यावर कळले की सिलिंडर हेडचे गॅस्केटही गेले आहे. चार आण्याच्या क्लिपपायी महिन्याचा पगार गेला.

विचारायला लाज का वाटते?

त्या रात्री आम्ही बराच विचार केला. आपल्या कोल्हापुरात गाडीचे ज्ञान काही दुर्मीळ नाही. शिवाजी उद्यमनगरात लेथचा आवाज दिवसभर चालू असतो. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांतून देशभरच्या वाहनांसाठी लोखंडी भाग ओतले जातात. आपल्या वस्तीतली कितीतरी पोरे तिथे भट्टीपुढे उभी राहतात. म्हणजे इंजिनाचे भाग घडवणारे हात आपलेच आहेत, आणि तेच इंजिन आपल्या दारात बंद पडले की आपण मुके होतो. कारण एकच. "गाडीवाला झालाय, आणि एवढंही येत नाही?" असे कुणी म्हणेल, ही भीती.

या ठिकाणी बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलेले दोन प्रवास आम्हाला आठवतात. पहिला १९०१ सालचा. आपल्या कोल्हापूर-पुणे लोहमार्गावरच्याच मसूर स्टेशनात लहानगे भीमराव घरच्या इतर मुलांसह उतरले. वडिलांकडे जायचे होते. जात कळल्यावर कुणी बैलगाडी हाकायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे देऊन मुलांनी स्वतः गाडी हाकायची आणि गाडीवानाने बाजूने चालायचे, असे ठरले. दुसरा १९२९ सालचा, चाळीसगावचा. टांगेवाल्यांनी बाबासाहेबांना नेण्यास नकार दिला. वस्तीतल्या लोकांनी टांगा भाड्याने मिळवला, पण हाकणारा मिळाला नाही. तेव्हा कधी टांगा न हाकलेला आपल्यातलाच एकजण पुढे बसला. मोरीवर चाक अडकले, बाबासाहेब दगडी फरसबंदीवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला.

त्या टांगा हाकणाऱ्या बांधवाचा दोष नव्हता. लगाम हातात धरायला त्याला कुणी शिकवलेच नव्हते. आज आपल्याला कुणी अडवलेले नाही. लगामही आपला आणि गाडीही आपली. मग न शिकण्याचा दोष मात्र आपलाच राहील.

म्हणून आम्ही रविवारच्या सभेला बसू लागलो आणि एक वही घातली. आम्ही पडलो कारकून, जमाखर्चाशिवाय आम्हाला करमत नाही. तारीख, तक्रार, कारण, उपाय आणि खर्च असे पाच रकाने. त्या वहीतले काही इथे देतो.

वहीतली पाने

घाट उतरताना पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रल करण्याची किंवा इंजिन बंद करण्याची खोड पुष्कळांना आहे. एस.टी.तून निवृत्त झालेले एक काका आमच्या सभेत असतात. ते म्हणतात, "ज्या गियरवर घाट चढतो, त्याच गियरवर उतरायचा." इंजिन चालू असते तोवर ब्रेकला त्याचे बळ मिळते. इंजिन बंद केले की एक-दोनदा पाय दाबल्यावर पेडल दगडासारखे होते. न्यूट्रलमध्ये सगळा भार ब्रेकवर पडतो, ब्रेक तापतात, जळका वास येतो आणि ते पकडेनासे होतात. शिवाय आजच्या इंजेक्शनच्या गाड्यांत गियरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंधन आपोआप थांबते. म्हणजे न्यूट्रल करून वाचत काहीच नाही, गेला तर जीव जातो.

बॅटरी उतरली आणि दुसऱ्या गाडीवरून चालू करायची झाली, तर लाल वायर लालला आधी जोडा. काळ्या वायरचे एक टोक चांगल्या बॅटरीच्या काळ्याला लावा आणि दुसरे बंद गाडीच्या इंजिनाच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब लावा. बॅटरीतून वायू निघतो, जवळ ठिणगी पडली तर स्फोट होऊ शकतो. बॅटरी काढताना काळी वायर आधी सोडायची, बसवताना ती शेवटी लावायची.

टायरच्या बाजूला एका चौकटीत चार आकडे कोरलेले असतात. २३१९ असे असेल, तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. जुनी गाडी विकणारे टायर काळे करून चकाचक दाखवतात. आकडे मात्र खोटे बोलत नाहीत. हवा किती भरायची ते बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेले असते. टायर गार असताना हवा तपासावी आणि स्टेपनीला विसरू नये.

उसाचा हंगाम सुरू झाला की आपल्या जिल्ह्यातले रस्ते रात्री ट्रॉल्यांनी भरतात. मागे लाल दिवा नसलेली, रिफ्लेक्टर चिखलाने झाकलेली उसाची ट्रॉली पुढ्यात येईपर्यंत दिसत नाही. हेडलाइटच्या काचा पिवळ्या पडल्या असतील तर घासून घ्या, समोरची काच आतूनही पुसा आणि वेग कमी ठेवा.

याच उसातून निघालेले इथेनॉल आज पेट्रोलमध्ये वीस टक्के मिसळलेले असते. जुन्या गाडीच्या रबरी नळ्या त्याने लवकर खराब होऊ शकतात. बॉनेट उघडल्यावर पेट्रोलचा वास आला तर नळ्या त्याच दिवशी तपासून घ्याव्यात.

पुरातली गाडी

आता सर्वांत महत्त्वाचे. पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे कोल्हापूरच्या लहान पोरालाही पाठ आहे. २०१९ च्या ऑगस्टात आणि २०२१ च्या जुलैत नदी ५० फुटांच्याही वर गेली. शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला, व्हीनस कॉर्नर-शाहूपुरीत पाणी शिरले.

२०१९ साली आमच्या एका शिक्षक मित्राची गाडी दोन दिवस पाण्यात होती. पाणी ओसरताच त्यांनी मोठ्या आशेने किल्ली फिरवली. खटकन आवाज झाला आणि सगळे संपले. एअर फिल्टरच्या वाटेने सिलिंडरमध्ये पाणी गेलेले होते. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. पिस्टन वर आला आणि कनेक्टिंग रॉड वाकला. विमा कंपनीने सांगितले की पाण्यात बुडल्याची भरपाई मिळेल, पण नंतर गाडी चालू केल्यामुळे झालेली मोडतोड पॉलिसीत बसत नाही. गुरुजींनी मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेली ठेव मोडली.

ती हकिगत त्यांनी स्वतः रविवारी सर्वांपुढे सांगितली. सांगताना त्यांचा आवाज दाटला होता. आपली चूक चारचौघांत सांगायला धैर्य लागते. त्याचे फळ दोन वर्षांनी मिळाले. २०२१ साली वस्तीतल्या एका नर्सताईंची गाडी बुडाली. पाणी ओसरले तेव्हा भाऊ किल्ली घेऊन निघाला होता. ताई आडव्या आल्या. "गुरुजींचं ऐकलं नव्हतंस का? किल्लीला हात लावायचा नाही." त्यांनी बॅटरीची काळी वायर सोडवली, पाणी कुठवर आले त्याचे फोटो काढले, विमा कंपनीला कळवले आणि गाडी ओढून गॅरेजला नेली. मेस्त्रीने प्लग काढून पाणी बाहेर काढले, तेले बदलली. इंजिन वाचले.

लक्षात ठेवावे की नुसत्या थर्ड पार्टी विम्यात पुराची भरपाई मिळत नाही, त्याला सर्वसमावेशक पॉलिसी लागते. इंजिनासाठीचे जादा संरक्षण थोडा हप्ता वाढवून घेता येते. नदीकाठच्या माणसाने ते जरूर घ्यावे. आणि रस्त्यावरच्या पाण्यात चाक निम्मे बुडत असेल तर गाडी घालूच नये.

कागदाचे इंजिन

कारकुनाला हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. जुनी गाडी विकली, पैसे घेतले, किल्ली दिली म्हणजे व्यवहार झाला असे नव्हे. नमुना २९ आणि ३० भरून आर.टी.ओ.कडे नाव बदलून घ्या. कर्ज असेल तर ते फिटल्याची नोंद नमुना ३५ ने करून घ्या. नाव बदलले नसेल आणि त्या गाडीने अपघात केला, तर कागदावरचा मालकच जबाबदार धरला जातो. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली हे स्पष्ट केले आहे. "ओळखीचाच आहे, करील नंतर" हा विश्वास महागात पडतो.

आमच्या वहीची आता तिसरी दोनशेपानी चालू आहे. मागच्या महिन्यात एका तरुणाने नवीन गाडी घेतली. पेढे द्यायला आला तेव्हा सौ.नी त्याला पेढ्याच्या बदल्यात वही वाचायला दिली आणि म्हणाल्या, "पहिलं पान आमच्या ह्यांचं आहे. बायकोनं गाडीखाली ओलं आहे म्हटलं तर वाकून बघायचं!"

आम्ही मान खाली घातली. पण त्या पोराने घरी जाऊन खरोखरच वाकून बघितले, असे नंतर कळले. त्यात लाज कसली?

तेव्हा बंधू-भगिनींनो, आपापल्या वस्तीत अशी एक वही घाला. ज्याला येते त्याने सांगावे आणि ज्याला येत नाही त्याने मोकळेपणी विचारावे. आपल्या मुलामुलींना बॉनेटपाशी उभे करा, स्टेपनी बदलायला लावा. गाडी आपण कष्टाने दारात आणली आहे. पुढच्या पिढीला ती कशी आहे हे विचारायला दुसऱ्याच्या दारात जावे लागू नये.