चमचाभर तेल, वीस गुंठे

लंडनमधल्या क्लॅपहॅम कॉमनच्या तळ्यात बेंजामिन फ्रँकलिनने चमचाभर तेल ओतलं. ते पसरत गेलं, पसरत गेलं, आणि अर्ध्या एकरावरच्या लाटा बसल्या! 1774 साली त्याची ही हकिगत छापून आली. अर्धा एकर म्हणजे वीस गुंठे. चमच्यातून वीस गुंठे, कारण तो थर जेमतेम एका रेणूएवढा!

आता हीच मोजणी आपल्या रक्तात करू. फॉस्फोलिपिड या स्निग्ध रेणूच्या डोक्याला पाणी हवं असतं, दोन्ही शेपट्यांना ते मुळीच नको. म्हणून डोकी बाहेर, शेपट्या आत असा दुहेरी थर पेशीभोवती आपसूक जमतो; तेच पेशीचं पटल. जाडी सुमारे 5 नॅनोमीटर. असे वीस हजार थर रचले की वहीच्या एका पानाएवढे होतात! पण पसारा बघा. अंगात तांबड्या पेशी सुमारे 25 लाख कोटी. त्यांची पटलं अंथरली तर तेहतीस-चौतीस गुंठे! 1925 मध्ये गॉर्टर आणि ग्रेंडेल या डच शास्त्रज्ञांनी तांबड्या पेशींतलं लिपिड पाण्यावर एकेरी पसरलं, तर पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट जागा व्यापली गेली. म्हणजे दुहेरी थर उलगडून एकेरी अंथरला, तर आपलं क्षेत्र दीड एकराच्याही पुढे! आणि एवढी जमीन प्रत्येकाच्या अंगात आहे, भूमिहीनाच्याही.

लांबी मोजायची? एका लहानशा पेशीच्या पटलात लिपिडचे 100 कोटी रेणू. रेणू 2 नॅनोमीटरचा धरला, तरी एका पेशीची रांग 2 मीटर! 75 हजार पेशींची रांग 150 किलोमीटर, मुंबईहून थेट पुणे. आणि या 75 हजार पेशी मोहरीच्या एका दाण्यात मावून वर जागा उरते!

खरी कमाल मात्र वेगाची. थरातला रेणू शेजाऱ्याशी जागा बदलतो, सेकंदाला सुमारे 1 कोटी वेळा. त्या एका सेकंदातल्या अदलाबदली सेकंदाला एक अशा मोजत गुढीपाडव्याला बसलात, तर न झोपता, न जेवता आषाढ सरता सरता उठाल! पण एका थरातून पलीकडच्या थरात? तिथे स्वतःहून उडी महिन्यात एकदाही क्वचितच. महिन्याचे सेकंद 25,92,000. गुणा त्यांना कोटीने. पलीकडे एक उडी पडायच्या आत शेजारच्या शेजारी जवळपास 26 लाख कोटी अदलाबदली! एकाच रेणूच्या! आणि त्या एवढ्याशा पेशीत असे रेणू 100 कोटी!